विंचूर ते प्रकाशा : एका जुन्या बेटाची सफर

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की निफाड मागे पडतं आणि येवल्याच्या अलीकडे विंचूर येतं. पानिपतावर लढलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचं हे गाव. आता ते ओळखलं जातं कांद्याच्या उपबाजारामुळे आणि वाईन पार्कामुळे. याच गावातून उत्तरेला एक रस्ता फुटतो. लासलगाव, चांदवड, देवळा, सटाणा, ताहाराबाद, पिंपळनेर, साक्री, नंदुरबार करत तो तापीकाठच्या प्रकाशाला पोचतो. बातम्यांत त्याचं नाव विंचूर–प्रकाशा महामार्ग. कांदा आणि डाळिंब वाहणाऱ्यांच्या तो रोजच्या वहिवाटीचा आहे, पर्यटकांच्या यादीत मात्र फारसा नसतो. ज्वालामुखीने घडवलेली भूमी गाडीतून बघायची असेल, तर महाराष्ट्रात याच्यासारखा रस्ता नाही, असं माझं ठाम मत आहे.

ज्वालामुखीच्या बेटाभोवती गाडीने फेरी मारायची म्हटलं की डोळ्यांपुढे आइसलँड येतं, नाहीतर हवाई. आइसलँडचा बेटाला वळसा घालणारा 1 नंबरचा रस्ता 1974 साली पुरा झाला. लांबी तेराशे किलोमीटरच्या वर. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरही असाच किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता आहे. पितों द ला फुर्नेझ या जागत्या ज्वालामुखीचा लाव्हा त्या रस्त्यावरून वाहत समुद्रात जातो. 2007 साली असा लोट आला, तेव्हा रस्ता गाडला गेला आणि थिजलेल्या लाव्हावरून तो नव्याने बांधावा लागला. अशा ठिकाणी सफर आखणं सोपं असतं. बेटाला कडा असतात, आणि बघायचं ते मध्येच उभं असतं.

आपल्याकडे ना समुद्र दिसतो, ना धूर. पण बेट होतं. भारताचा तुकडा सुमारे 8 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटला आणि आशियाला येऊन धडकायला त्याला साधारण 5 कोटी वर्षांपूर्वीपर्यंतचा काळ लागला. मधल्या सगळ्या काळात तो चारी बाजूंनी समुद्र असलेला, उत्तरेकडे सरकत चाललेला भूखंड होता. त्याच प्रवासात, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, त्याच्या पश्चिम भागात लाव्हाचे पूर आले. तेव्हा आजचं विंचूर जिथे आहे ती जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. हे दगडांनीच सांगितलं. लाव्हा थंड होताना त्यातले लोहखनिजाचे कण त्या वेळच्या चुंबकीय दिशेत पक्के होतात, आणि त्या दिशेच्या कलावरून अक्षांश काढता येतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या जे. ए. क्लेग आणि सहकाऱ्यांनी 1950च्या दशकात दख्खनचे दगड या पद्धतीने तपासले. भूखंड सरकतात हे तेव्हा अनेक भूवैज्ञानिकांना पटलेलं नव्हतं. ते पटवणाऱ्या पहिल्या पुराव्यांत आपला हा काळा दगड आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पुढे भूखंड उत्तरेला निघून गेला, पण जमिनीखालचा तप्त झरा मागेच राहिला, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. त्याच्या खुणा लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस या क्रमाने समुद्रात सापडतात, आणि आज तो रियुनियनखाली आहे. मॉरिशसची आपल्याला वेगळी ओळख आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मराठी माणसांची कुटुंबं तिथे नांदताहेत. महाशिवरात्रीला तिथली हिंदू मंडळी ज्या गंगा तलावावर जमतात, तो एका थंड झालेल्या विवरातला तलाव आहे. त्या विवराचा दगड आणि विंचूरच्या विहिरीतला दगड यांचं मूळ एकच ठरतं, फक्त वयात कोट्यवधी वर्षांचं अंतर. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ यांच्यासारखे काही संशोधक मात्र या एका झऱ्याच्या कल्पनेवर गंभीर आक्षेप घेतात. वाद अजून मिटलेला नाही.

मग ज्वालामुखीचा डोंगर कुठे आहे? हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि सफर आखण्याची खरी किल्ली त्याच्या उत्तरात आहे. रियुनियनसारखा एक डोंगर, त्याला एक तोंड, असा प्रकार इथे मुख्यतः झालाच नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वर येऊन आडवा पसरला. माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं असं मोठं उदाहरण आइसलँडमधल्या लाकीचं. 1783 साली तिथे सुमारे 27 किलोमीटरची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा ओकत राहिली. निघालेला लाव्हा 14-15 घन किलोमीटर भरला. दख्खनचा सगळा लाव्हा मिळून दहा लाख घन किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त होता, असे अंदाज आहेत. आज उरलेलं त्याचं क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर. म्हणून इथे एक डोंगर शोधत फिरण्यात अर्थ नाही. बघायच्या गोष्टी दोनच: आडवे थर आणि उभ्या भेगा. विंचूर–प्रकाशा रस्त्याचं मोल यासाठी आहे. पहिल्या अर्ध्या भागात तो थर दाखवतो, दुसऱ्या अर्ध्यात भेगा.

बरोबर काय घ्यावं? फोनमध्ये समुद्रसपाटीपासूनची उंची सांगणारं ॲप, एक भिंग, एक साधा लोहचुंबक आणि वही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर भूशास्त्रीय नकाशे बघायला मिळतात. निघण्याआधी नाशिक, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांचे बघून ठेवावेत. हातोडी घरीच ठेवावी. घाटातल्या कापावर ठोके घालून दगड सुटा करणं म्हणजे खालून जाणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव धोक्यात घालणं. नमुना हवाच असेल तर विहिरीच्या किंवा खाणीच्या बाहेर पडलेल्या ढिगात तो भरपूर मिळतो.

दिवस दिवाळीनंतरचे घ्यावेत. पावसाळ्यात डोंगर हिरवे आणि देखणे असतात, पण गवत आणि धुकं नेमके थर झाकतात. एप्रिल-मेमध्ये थर उघडे पडतात, पण साक्रीच्या पुढे खानदेशातलं ऊन दुपारी थांबू देत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गवत वाळायला लागलेलं असतं आणि सकाळचं तिरकं ऊन कड्यांवरच्या प्रत्येक पट्ट्याची सावली पाडतं. निफाड तालुक्यात थंडी कडक पडते, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. तेव्हा लवकर निघणाऱ्याने गरम कपडे विसरू नयेत.

पहिला थांबा विंचूरच्या शिवारातच घ्यावा, एखाद्या नव्या विहिरीच्या किंवा शेततळ्याच्या खोदाईपाशी. मालकाला विचारून काठावर उभं राहावं. वर काळी माती, कुठे कमरेइतकी, कुठे त्याहून खोल. खाली पिवळसर-तपकिरी मुरूम, म्हणजे झिजून सुटा होत चाललेला दगडच. त्याखाली मांजऱ्या, आणि मग काळा पाषाण. पाण्याचं गणित विहीर खोदणाऱ्यांना पाठ असतं: मांजऱ्यात पाझर मिळतो, पाषाणाला भेग असेल तरच पाणी. मांजऱ्याचा एक तुकडा हातात घेऊन भिंगाखाली धरा. दगडभर बारीक भोकं दिसतील. लाव्हात विरघळलेला वायू वर निघताना, धिरड्यावर जाळी पडते तसा, प्रवाहाच्या वरच्या भागात बुडबुड्यांचा थर राहून गेला. बरीच भोकं आता रिकामी नाहीत. नंतर झिरपलेल्या पाण्याने त्यांत पांढरी, गुलाबीसर, कधी हिरवट खनिजं भरली. काहींत बारीक सुया मध्यापासून बाहेर फाकलेल्या असतात, काहींत पापुद्र्यासारखे चकचकीत पदर. ही झिओलाइट गटातली आणि त्यांच्या सोबतची खनिजं. स्टिलबाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट अशी त्यांची नावं. महाराष्ट्रातले त्यांचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि खास त्यांच्यासाठीचं गारगोटी संग्रहालय विंचूरपासून दूर नाही, सिन्नरला आहे. सफरीच्या आधी किंवा नंतर अर्धा दिवस तिथे द्यावा. तिथे पाहिलेलं मग रस्त्याकडेच्या खडीतही ओळखू येतं.

लोहचुंबकाचा उपयोग ओढ्यात. वाळूवरून तो फिरवला की काळे बारीक कण चिकटून येतात. तेच मॅग्नेटाइट, ज्याने विंचूर एके काळी दक्षिण गोलार्धात असल्याची नोंद धरून ठेवली.

लासलगाव ओलांडताना वेळ हाताशी ठेवावा. लिलाव चालू असताना ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा बाजार समितीबाहेरही येतात. तिथून चांदवडकडे निघालं की समोर सातमाळ्याची रांग आडवी येते. इथे गाडी बाजूला घेऊन, चालू इंजिनच्या घाईशिवाय, निदान अर्धा तास नुसतं बघावं. डोंगराच्या अंगावर उभा कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार असा क्रम दिसेल. शेजारच्या डोंगरावरही त्याच उंचीला तोच क्रम. दोन डोंगर वेगळे झाले ते नंतर, पाण्याने मधला भाग कापून नेल्यावर. लाव्हा आला तेव्हा ते सगळं सलग पठार होतं. प्रत्येक कडा म्हणजे एका प्रवाहाचा घट्ट गाभा, हळूहळू थंड झालेला, म्हणून टणक. प्रत्येक उतार म्हणजे त्या प्रवाहाचा बुडबुड्यांचा वरचा भाग, लवकर झिजणारा. किल्ले बांधणाऱ्यांनी हा फरक नेमका हेरला होता. इंद्राई, राजदेहेर, कोळदेहेर हे इथले किल्ले बघा. नैसर्गिक कडा हीच तटबंदी. दगडी पायऱ्या तो कडा फोडून काढलेल्या, आणि टाकी खोदलेली ती थर पारखून. गडावर बारमाही पाणी मिळालं, त्यामागे ही नजर होती.

घाटातल्या कापावर आणखी एक गोष्ट शोधायची: दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी-तांबडा पट्टा. काही ठिकाणी तो बोटभर असतो, काही ठिकाणी हातभर. माझ्या दृष्टीने सबंध सफरीत याहून महत्त्वाचं दृश्य नाही. एक प्रवाह थंड झाला, त्याचा वरचा भाग हवापाण्याने कुजून माती होऊ लागली, आणि मग पुढचा प्रवाह येऊन त्याखाली ती माती भाजून निघाली. मधल्या काळात कदाचित तिथे झाडं उगवली, प्राणी चरले. म्हणजे ज्वालामुखी अखंड धगधगत नव्हता. उद्रेकांच्या मध्ये शांततेची वर्षं गेली, कधी शेकडो, कधी हजारो. आणि तरीही या सगळ्या राशीचा मोठा हिस्सा दहा लाख वर्षांच्या आतच रचला गेला, असं अलीकडची कालमापनं सांगतात. मेक्सिकोत अशनी आदळला तोही याच काळात. डायनोसॉर संपले ते अशनीमुळे की दख्खनमधून निघालेल्या वायूंमुळे, यावर अजून वाद आहे. बहुतेकांचा कौल अशनीकडे आहे, पण दख्खनचा वाटा कुणी पूर्ण खोडून टाकलेला नाही.

चांदवडच्या पश्चिमेला धोडपचा किल्ला आहे. जमत असेल तर त्यासाठी वेगळा दिवस राखावा. पायथ्याचं गाव हट्टी. 1768 मध्ये माधवराव पेशव्यांनी इथे राघोबादादांचा पराभव केला, हे इतिहास वाचणाऱ्यांना माहीत असतं. पण धोडप लांबून ओळखू येतो तो त्याच्या माथ्यामुळे. गोलसर टोक, आणि शेजारून पुढे आलेली दगडाची सरळ, उभी, अरुंद भिंत, तिला मध्येच चौकोनी खाच. ही भिंत आडव्या थरांपैकी नाही. थर फोडून वर आलेल्या भेगेत लाव्हा थिजला, आणि भोवतालचे थर झिजून गेल्यावर तो उभा राहिला. याला डाइक म्हणतात. धोडपची भिंत एकदा नीट पाहिली की पुढचा खानदेश वाचता येतो.

भावडबारी उतरून देवळा-सटाण्याकडे गेलं की पिकं बदलतात. विंचूरच्या काळ्या रानातला द्राक्षांचा आणि कांद्याचा जोर कमी होत जातो आणि डाळिंबाच्या बागा वाढत जातात. पाण्याचा प्रश्न आणि बाजार यांचाही त्यात वाटा आहे. पण डाळिंबाला हलकी, मुरमाड, निचऱ्याची जमीन मानवते, आणि या भागात ती भरपूर आहे. ताहाराबादजवळ मांगीतुंगीचे दोन सुळके दिसतात. तिथे डोंगरातच कोरलेली ऋषभदेवांची 108 फुटी मूर्ती 2016 साली पुरी झाली. सांधे न पडलेला एवढा सलग दगड बेसाल्टात मिळणं सोपं नसतं, हे लक्षात घेऊन ती बघावी. मग शेलबारीचा घाट, आणि पलीकडे पिंपळनेर. इथून खानदेश.

साक्री ते नंदुरबार हा टप्पा पवनचक्क्यांमुळे लोकांच्या लक्षात राहतो. आपण मात्र नजर खाली ठेवायची. शेतांतून, माळांवरून, कधी रस्त्याला आडव्या जाणाऱ्या काळ्या दगडांच्या सरळ रांगा दिसू लागतात. काही ठिकाणी त्या बुटक्या टेकड्यांची ओळ होतात, काही ठिकाणी नुसती गोट्यांची रेघ. बहुतेक पूर्व-पश्चिम. हे सगळे डाइक. रंजिनी रे, हेतू शेठ आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये नंदुरबार–धुळे पट्ट्यातल्या दोनशेहून अधिक डाइकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतला सर्वांत लांब सुमारे 79 किलोमीटरचा आहे. नाशिक ते येवला हे अंतर जवळपास तेवढंच. इतकी लांब भेग एका सरळ रेषेत! दिशा पूर्व-पश्चिम का, याचं उत्तर ताणात आहे. त्या काळी इथलं भूकवच उत्तर-दक्षिण ताणलं जात होतं, आणि ताणलेली जमीन ताणाला काटकोनात फाटते. नर्मदा आणि तापी पश्चिमेकडे वाहतात, त्यामागेही याच पट्ट्यातल्या जुन्या खचदऱ्या आहेत.

एखाद्या डाइकपाशी उतरून दोन गोष्टी तपासाव्यात. कडेचा दगड भिंगाखाली इतका बारीक असतो की कण दिसत नाहीत. थंड खडकाला टेकल्याने तो लगेच थिजला. मध्याकडे गेलं की कण मोठे होतात, कारण तिथे उष्णता टिकली. दुसरी गोष्ट भेगांची. लाव्हाच्या आडव्या थरात थंड होताना पडलेले सांधे उभे असतात, कारण थंडावा वरून आणि खालून येतो. डाइकमध्ये तो दोन्ही बाजूंनी येतो, म्हणून तिथले दगडी ठोकळे आडवे पडलेले दिसतात. एवढ्या खुणेवर कुणालाही डाइक ओळखता येतो. प्रत्येक भेगेतून वर लाव्हा ओतला गेला असं मात्र नाही. काही भेगा पृष्ठभाग गाठण्याआधीच थिजल्या. कोणती भेग कोणत्या थराची आई, हे रासायनिक मेळ बघून ठरवावं लागतं.

शेतकऱ्याला डाइक दुसऱ्याच कारणाने महत्त्वाचा. ओढ्याला आडवा गेलेला घट्ट डाइक जमिनीखालच्या बांधाचं काम करतो. त्याच्या वरच्या अंगाच्या विहिरींना पाणी टिकतं, खालच्या अंगाच्या लवकर आटतात. जलसंधारणाचा बंधारा कुठे घालायचा हे ठरवताना हा दगड आधी बघितला पाहिजे. तो न बघता झालेली कामं कोरडी राहतात, आणि ते पाहून जीव तळमळतो.

प्रकाशा गोमाई आणि तापीच्या संगमावर आहे. इथल्या पांढरीच्या टेकाडात 1955 साली बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाणयुगापर्यंतची वस्ती उजेडात आणली. केदारेश्वराला जाऊन आल्यावर घाटावर उभं राहून फोनमधली उंची वहीत लिहावी. समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आतच भरेल. विंचूरची उंची साडेपाचशेच्या वर होती.

परतीची वाट ताहाराबादपर्यंत तीच, पण तिथून मुल्हेरकडे वळून साल्हेर गाठावा. 1672 मध्ये मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं ते याच्या पायथ्याशी. 1567 मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. राज्यात याहून उंच फक्त कळसूबाईचं शिखर, 1646 मीटर. चढाई दमवणारी आहे, पहाटे निघावं, पाणी भरपूर घ्यावं. वाटेत प्रत्येक कड्याच्या पायाशी आणि माथ्याशी उंची लिहून ठेवावी. वर परशुरामाच्या मंदिरापाशी पोचल्यावर वहीतले दोन आकडे समोरासमोर ठेवावेत: प्रकाशाचा आणि साल्हेरचा. फरक चौदाशे मीटरच्या आसपास येतो. त्या फरकातला जवळजवळ सगळा दगड लाव्हाचा, आणि त्याचा तळ तरीही कुठे दिसलेला नाही. पूर्वेला हा ढीग पातळ होत जातो. 1993च्या भूकंपानंतर किल्लारीला छिद्र घेतलं, तेव्हा बेसाल्ट सुमारे 338 मीटरवर संपला. कोयनेला मात्र नऊशे मीटरच्या पुढे जावं लागलं.

साल्हेरहून कळवण, नांदुरी, आणि मग सप्तशृंगीचा घाट. कड्याच्या कातळातच कोरलेली अठराभुजा देवी, आणि समोर मार्कंड्या. नांदुरीहून वर जाताना तांबड्या पट्ट्यांची उंची जमेल तिथे पुन्हा लिहावी, पण गाडी घाटात मध्येच उभी करू नये. दरडींचा धोका आहे आणि यात्रेच्या दिवसांत गर्दी अफाट असते. मग वणी, पिंपळगाव बसवंत, निफाड करत विंचूर.

वही भरली की खरं काम घरी सुरू होतं. चांदवडच्या घाटात सापडलेला तांबडा पट्टा आणि सप्तशृंगीच्या घाटातला पट्टा एकच का? निव्वळ उंचीवरून ते ठरत नाही, कारण थर अगदी थोडे, डोळ्यांना न जाणवणारे, कललेले आहेत. आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव आणि अमेरिकेतले पीटर हूपर यांनी सह्याद्रीतले थर त्यांच्या रासायनिक घटकांवरून जुळवून 1988 मध्ये नकाशा मांडला. जव्हार, इगतपुरी, भीमाशंकर, खंडाळा, महाबळेश्वर अशी आपल्या ओळखीच्या गावांची नावं त्यातून जगभरच्या भूशास्त्रात गेली. इगतपुरी आणि जव्हारचे थर त्या रचनेत सर्वांत खालचे, म्हणजे सर्वांत जुने. आपल्या वहीतल्या उंची त्या नकाशावर ठेवून बघाव्यात. कुठे जुळतील, कुठे नाही. जिथे जुळणार नाहीत, तो घाट पुढच्या हिवाळ्यात पुन्हा चढावा.